अंकोरची देवळे पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: तीन दिवसांचा क्रम

कंबोडियातील सिएम रीप शहराच्या भोवती, मुख्यतः उत्तरेकडे, सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या परिसरात ख्मेर राजांनी नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत बांधलेली देवळे, तलाव आणि तटबंदीची नगरे विखुरलेली आहेत. या सगळ्याला मिळून अंकोर म्हणतात आणि १९९२ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पहिल्यांदा जाणारे बहुतेक प्रवासी एकाच दिवसात अंकोर वाटचा सूर्योदय, बायोनचे चेहरे आणि ता प्रोमची झाडे उरकून परततात. त्यात पायपीट भरपूर होते, पण देवळे एकमेकांत मिसळून जातात आणि कोणते आधीचे, कोणते नंतरचे, कोठे शिव होता आणि कोठे बुद्ध, हे महिन्याभराने सांगता येत नाही. माझा आग्रह असा आहे की हातात किमान तीन दिवस ठेवावेत आणि देवळे ज्या क्रमाने बांधली गेली, शक्यतो त्याच क्रमाने पाहावीत. विटांच्या साध्या शिखरांपासून सुरुवात केली की अंकोर वाटच्या पायऱ्यांपाशी पोहोचेपर्यंत डोळा तयार झालेला असतो.

मराठी वाचकाला येथे एक मोठी सोय आहे. भिंतींवर कोरलेल्या कथा त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात आणि शरपंजरी पडलेला भीष्म ओळखायला त्याला फलक वाचावा लागत नाही. मात्र या ओळखीमुळे एक गैरसमजही होतो, तो घरीच सोडून जावा. ही देवळे कोणा भारतीयाने तेथे जाऊन बांधलेली नाहीत. ख्मेर राजांनी, ख्मेर कारागिरांच्या हातून, आपल्या भूमीच्या आणि पाण्याच्या गरजांप्रमाणे ती उभारली. कथा आपल्या ओळखीच्या असल्या तरी सांगणारा वेगळा आहे आणि पाहण्याची खरी गंमत या वेगळेपणात आहे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड असतो, म्हणून गर्दीही तेव्हाच अधिक असते. मार्च ते मे या महिन्यांत ऊन असह्य होते. वयस्कर मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील तर हे महिने टाळलेलेच बरे. जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, पण तो पुष्कळदा दुपारनंतर कोसळतो आणि सकाळ मोकळी मिळते. खंदक तुडुंब भरलेले असतात, दगडांवर शेवाळ चढते आणि वालुकाश्माचा रंग ओला झाल्यावर उठून दिसतो. पाय घसरण्याची भीती नसणाऱ्याने पावसाळ्याचाही विचार करावा.

भारतीय पासपोर्टधारकाला कंबोडियाचा व्हिसा लागतो. तो सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ई-व्हिसा म्हणून आधीच काढता येतो. त्याच्यासारखीच दिसणारी आणि जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत, त्यामुळे पत्ता नीट तपासून मगच अर्ज भरावा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. विमानाने पोहोचणाऱ्यांना आगमनाचा ऑनलाइन अर्जही भरावा लागतो; तो प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात भरून ठेवावा. पूर्वी बँकॉकहून रस्त्याने सिएम रीपला जाण्याचा प्रघात होता, परंतु २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर संघर्ष झाल्यापासून त्या मार्गावर विसंबून बेत आखू नये. बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूर येथे विमान बदलून जाणे सुरक्षित. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो शहरापासून चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचायला तासभर लागतो हे धरूनच पहिल्या दिवसाचा बेत करावा.

पैशांच्या बाबतीत, तेथे रियेल आणि अमेरिकी डॉलर दोन्ही चालतात आणि एका डॉलरला साधारण ४,००० रियेल धरले जातात. फाटकी किंवा चिरलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, म्हणून कोऱ्या आणि लहान रकमेच्या नोटा न्याव्यात. शाकाहारी प्रवाशांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: भाज्यांच्या पदार्थांतही मासळीचा सॉस किंवा प्राहोक नावाची आंबवलेली मासळी सहज घातलेली असते. केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, मासळीचा सॉसही नको असे स्पष्ट सांगावे लागते. शहरात भारतीय जेवण मिळते, पण देवळांच्या परिसरात त्याची खात्री धरू नये.

तिकीट, वाहन आणि पोशाख

देवळांच्या दारात सहसा तिकीट मिळत नाही. शहरातील अधिकृत केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर ते काढावे लागते आणि त्यावर आपले छायाचित्र असते, त्यामुळे दुसऱ्याचे तिकीट वापरता येत नाही. फेब्रुवारी २०१७ पासून एका दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ डॉलर असे दर आहेत. निघण्यापूर्वी ते एकदा पाहून घ्यावेत. तीन दिवसांचे तिकीट दहा दिवसांत केव्हाही वापरता येते, म्हणजे मध्ये एक दिवस विश्रांती घेतली तरी बिघडत नाही. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मात्र वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा.

अंतरे मोठी आहेत. तीन दिवसांसाठी एकच टुकटुक आणि एकच चालक ठरवावा आणि रोजचा मार्ग आदल्या संध्याकाळी कागदावर लिहून त्याच्याशी बोलून घ्यावा. चालकांच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. लहान फेरी आणि मोठी फेरी या नावांनीच त्या ओळखल्या जातात आणि आपण वेगळा क्रम सांगितला की बहुतेक जण आधी नको म्हणतात. दूरच्या देवळांसाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागतील. ते आधीच ठरलेले असावेत. शक्य असल्यास एका दिवसासाठी, आणि तो दिवस अंकोर वाटचा असावा, परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा.

खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घालावेत. हा केवळ शिष्टाचार नाही. अंकोर वाटच्या वरच्या मजल्यावर उघडे खांदे असतील तर पहारेकरी खरोखरच परत पाठवतात आणि वरून ओढणी गुंडाळलेली चालत नाही. चपलांऐवजी घट्ट बसणारे बूट असावेत, कारण पायऱ्या अरुंद, उंच आणि झिजलेल्या आहेत. पाणी, मीठ-साखरेची पुडी, टोपी आणि एक लहान विजेरी जवळ ठेवावी. विजेरी अंधारासाठी नव्हे, शिल्पासाठी लागते: उथळ कोरीव काम समोरून सपाट दिसते, पण एका बाजूने तिरपा उजेड पाडला की दागिन्यांचे मणीसुद्धा वेगळे मोजता येतात.

दगडाला हात लावू नये. अंकोरचा वालुकाश्म मऊ आहे, आणि अंकोर वाटच्या काही अप्सरांच्या अंगावर हातांच्या स्पर्शाने आलेली काळी तकाकी पाहिली की हा नियम कोणाला पुन्हा सांगावा लागत नाही. दूरच्या देवळांकडे जाताना मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नये. देशातील यादवीच्या काळात पेरलेले भूसुरुंग बहुतेक प्रसिद्ध देवळांभोवतून काढलेले आहेत, पण कंबोडियाच्या ग्रामीण भागात तो धोका पूर्ण संपलेला नाही. वस्तू विकणाऱ्या लहान मुलांकडून काही घेऊ नये. त्या कमाईमुळे ती शाळेपासून दूर राहतात.

पहिला दिवस: विटांपासून गुलाबी दगडापर्यंत

सकाळी शहराच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या रोलुओसला जावे. अंकोरच्या आधीची राजधानी हरिहरालय ती हीच. तेथील प्रेआ को हे देऊळ पहिला इंद्रवर्मन याने ८७९ मध्ये प्रतिष्ठापित केले. विटांची सहा शिखरे, समोर शिखरांकडे तोंड करून बसलेले दगडी नंदी आणि भिंतींवर जागोजागी टिकून राहिलेला चुन्याचा कोरीव गिलावा एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर जवळच ८८१ मध्ये पूर्ण झालेले बाकोंग आहे. येथे ख्मेर वास्तूची मूळ कल्पना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दगडात दिसते: देऊळ म्हणजे मेरू पर्वत, त्याचे पाच टप्पे, आणि भोवतीचा खंदक म्हणजे समुद्र. पुढे अंकोर वाटमध्ये हीच कल्पना भव्य होऊन भेटणार आहे, म्हणून बाकोंगच्या माथ्यावर दहा मिनिटे बसून हा आराखडा नजरेत साठवून घ्यावा.

तिसरे देऊळ लोलेई, इ.स. ८९३ चे. पूर्वी ते एका विशाल तलावातील बेटावर होते. आता भोवती शेते आहेत. येथे थांबण्याचे कारण दारांच्या चौकटी. त्यांवरील अक्षरे इतकी रेखीव आहेत की नुकतीच कोरल्यासारखी वाटतात. लिपीचे मूळ दक्षिण भारतातील पल्लव लिपीत आहे, स्तुतीचे श्लोक संस्कृतात आहेत आणि देवळाच्या सेवेकऱ्यांच्या याद्या मात्र जुन्या ख्मेर भाषेत, शुक्ल आणि कृष्ण पंधरवड्याच्या पाळ्यांप्रमाणे. देवाशी एका भाषेत आणि कारभाराशी दुसऱ्या भाषेत बोलणारे हे राज्य होते, हे त्या चौकटीसमोर उभे राहिल्यावर लगेच कळते.

या तिन्ही देवळांत एक सवय लावून घ्यावी. गाभाऱ्यात मूर्ती बहुधा नसते, पण मधोमध चौकोनी खाच असलेली दगडी बैठक दिसते. ती शाळुंका. पिंडी नाहीशी झालेली असली तरी शाळुंकेची पन्हळ जागेवर असते आणि ती उत्तरेकडे वळलेली असते, जशी आपल्याकडच्या शिवालयात असते. ढगाळ दिवशी दिशा चुकली तर ही पन्हळ कामाला येते. तसेच आवाराच्या भिंतींचा खडबडीत, छिद्राछिद्रांचा तांबडा दगड पाहावा. तो जांभा आहे. कोकणात आणि गोव्यात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, तोच दगड ख्मेर कारागीर पायासाठी आणि तटांसाठी वापरत. कोरीव कामासाठी मात्र कुलेन डोंगराच्या बाजूचा वालुकाश्म आणत.

दुपारचे जेवण उरकून सुमारे अडीच वाजेपर्यंत बांते श्रेईला पोहोचावे. हे देऊळ शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. ते राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान दरबाऱ्याने ते शिवासाठी उभारले आणि ९६७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आकार इतका लहान की मुख्य शिखरे दोन-तीन पुरुष उंचीची वाटतात, पण अंकोरमधील सर्वांत बारीक कोरीव काम येथे आहे. तिरप्या उन्हात गुलाबी दगड तापलेल्या तांब्यासारखा दिसतो. आवारातील ‘ग्रंथालय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन लहान इमारतींपैकी दक्षिणेकडचीच्या पूर्व बाजूच्या त्रिकोणी शिल्पपटाकडे आधी जावे: रावण कैलास हलवतो आहे, पर्वताचे टप्पे पायऱ्यांसारखे रचलेले आहेत, त्यांवर ऋषी आणि पशुमुखी सेवक घाबरून वर पाहत आहेत, माथ्यावर पार्वती शिवाला बिलगली आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील हाच प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याने येथे सावकाश तुलना करावी. वेरूळचा रावण खोल अंधारातून सगळा पर्वत अंगावर घेतो, तर येथे तो लहान आहे आणि सगळी भीती वरच्या प्राण्यांच्या चेहऱ्यांवर वाटून दिलेली आहे. त्याच इमारतीच्या पश्चिम बाजूला मदनदहन आहे आणि उत्तरेकडच्या ग्रंथालयावर खांडववनावर पडणारा इंद्राचा पाऊस व कंसवध.

याच देवळातील शिल्पे कापून नेताना फ्रेंच लेखक आंद्रे मालरो १९२३ मध्ये पकडला गेला. त्यानंतर १९३१ ते १९३६ या काळात देवळाचे सुटलेले दगड एकेक ओळखून मूळ जागी पुन्हा रचण्यात आले, आणि अंकोरमध्ये ही पद्धत येथे प्रथम वापरली गेली. परतताना ९६१ च्या सुमाराचे प्रे रूप हे देऊळ वाटेवर लागते. ते संध्याकाळी सातपर्यंत उघडे असते, म्हणून सूर्यास्तासाठी फ्नोम बाखेंगच्या टेकडीवरील रांगेपेक्षा मी प्रे रूप सुचवेन.

दुसरा दिवस: अंकोर वाट, दोन वेळा

अंकोर वाटला एकाच दिवशी दोनदा जावे, एकदा सकाळी आणि एकदा दुपारनंतर. हे विष्णूचे देऊळ दुसरा सूर्यवर्मन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले. बहुतेक ख्मेर देवळे पूर्वाभिमुख असताना याचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी पूर्वेकडच्या दालनांवर उजेड असतो आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या, आणि शिल्पे नीट पाहायची तर सूर्याच्या मागून चालणे भाग आहे.

सूर्योदयासाठी पाच वाजता दार उघडते आणि शेकडो लोक पश्चिमेच्या तळ्याकाठी गोळा होतात. तो देखावा एकदा पाहावा, पण सूर्य वर आला की गर्दी न्याहारीसाठी परत फिरते आणि आपण मात्र तेव्हाच आत शिरावे. थेट पूर्वेच्या दालनात, दक्षिणेकडच्या भागात, समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मध्ये विष्णू आणि त्याच्याखाली कूर्म. आधी दूर उभे राहून वासुकीच्या अंगाची एकच सलग रेषा पाहावी. मग जवळ जाऊन तळाची पट्टी पाहावी, जेथे मासे आणि मगरी पोहत आहेत: मंथनाच्या रवीजवळ आलेले मासे घुसळणीच्या वेगाने चिरले गेले आहेत आणि त्यांचे तुकडे पाण्यात उडालेले कोरले आहेत. कारागिराने वेग दाखवायला ही जागा निवडली. येथे अर्धा तास द्यावा.

तेथून वरच्या मजल्यावर, बाकानवर, जावे. चढाव अतिशय उभा आहे, एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि काही बौद्ध पवित्र दिवशी हा मजला बंद असतो. मधला मनोरा जमिनीपासून ६५ मीटर उंच आहे. अकरा वाजेपर्यंत बाहेर पडून दुपार मुक्कामावर काढावी; या हवेत दुपारी देवळे पाहण्याचा हट्ट धरणारा संध्याकाळी काहीच पाहू शकत नाही.

तीननंतर पश्चिमेच्या मुख्य दाराने पुन्हा यावे. बाहेरच्या गोपुरात, मधल्या दारापासून दक्षिणेकडे, आठ हातांची विष्णूची मोठी मूर्ती आहे. तिला भगवी-पिवळी वस्त्रे नेसवलेली असतात, पुढे उदबत्त्या जळत असतात आणि स्थानिक बौद्ध लोक नवस बोलायला तिच्यापुढे येतात. अंकोर वाट शतकानुशतके थेरवादी बौद्धांचे पूजास्थान आहे, त्यामुळे येथे भग्नावशेषात आल्यासारखे न वागता कोणाच्या तरी देवळात आल्यासारखे वागावे. पूजा करणाऱ्यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत आणि स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही एवढे अंतर राखावे.

मुख्य देवळाच्या पहिल्या दालनात शिरल्यावर उजवीकडे वळावे. आपल्याला प्रदक्षिणेची सवय असते, पण येथील शिल्पपट उलट्या दिशेने, देऊळ डाव्या हाताला ठेवून, वाचायचे आहेत. काही अभ्यासक त्याचा संबंध अंत्यविधीतील अपसव्य दिशेशी जोडतात. वळताच कुरुक्षेत्र समोर येते: डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, कडेला शांत पावलांनी निघालेली पायदळाची रांग आणि मध्याकडे येता येता तिचा झालेला कल्लोळ. भीष्म बाणांवर आडवा आहे. अर्जुनाच्या रथावरचा चतुर्भुज सारथी शोधून काढावा. दक्षिण दालनात राजाची मिरवणूक आणि पुढे यमाचा दरबार आहे. ३७ स्वर्ग आणि ३२ नरक, आणि पाप्यांना खाली ढकलणारा चित्रगुप्त. रामाला हनुमानाच्या खांद्यावर बसवणारे लंकेचे युद्ध मुख्य दाराच्या उत्तरेला आहे. बंद होण्यापूर्वीचा शेवटचा उजेड त्याच्यासाठी राखून ठेवावा.

एक गोष्ट भारतीय प्रवाशाला ठाऊक असावी. देशात युद्ध संपलेले नसताना, १९८६ ते १९९३ या काळात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अंकोर वाटच्या जतनाचे काम केले. त्या कामाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, पण इतर फारसे कोणी येत नसताना ते लोक तेथे गेले याची मला मनापासून किंमत वाटते.

तिसरा दिवस: सातव्या जयवर्मनाचे नगर

११७७ मध्ये चाम लोकांनी (आजच्या व्हिएतनाममधील शेजारी राज्याने) अंकोर लुटले आणि ११८१ मध्ये गादीवर आलेल्या सातव्या जयवर्मनाने राज्य पुन्हा उभे केले. तो महायान बौद्ध होता. त्याने आईच्या स्मरणार्थ ११८६ मध्ये ता प्रोम प्रतिष्ठापित केले आणि तेथील शिलालेखात देवळासाठी राबणाऱ्या ७९,३६५ लोकांची नोंद आहे. साडेसातला दार उघडते तेव्हाच आत जावे, कारण नऊनंतर भिंतींवर वाढलेल्या प्रचंड झाडांच्या मुळांसमोर छायाचित्रांच्या रांगा लागतात. झाडे देखणी आहेत, पण ती दगड धरून ठेवतात आणि फोडतातही. छताचे दगड चुन्याशिवाय एकावर एक थोडे पुढे सरकवून रचलेले असल्यामुळे मूळ आत शिरले की छत कोसळते. येथील दुरुस्तीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कंबोडियाबरोबर केले आहे.

दक्षिण दारातून अंकोर थोम या त्याच्या तटबंदीच्या नगरात शिरताना पुलाच्या दोन्ही कठड्यांवर ५४ देव आणि ५४ असुर नाग ओढताना दिसतात. काल भिंतीवर पाहिलेले मंथन आज पायाखाली आहे. नगराच्या मध्यावरील बायोन देवळात सगळे जण मनोऱ्यांवर कोरलेल्या मोठ्या चेहऱ्यांकडे धावतात. ते लोकेश्वराचे (करुणेच्या बोधिसत्त्वाचे) की खुद्द राजाचे, याविषयी मतभेद आहेत. मी आधी बाहेरच्या दालनाकडे जायला सांगेन, कारण देवादिकांच्या गर्दीत येथे साधी माणसे कोरली आहेत: बाजारात तागडी धरलेली बाई, कोंबड्यांची झुंज, मासे भाजणारे लोक, प्रसूत होणारी स्त्री. शेजारचे बाफुओन देऊळ आणि हत्तींचा चौथरा जाता जाता पाहिले तरी चालतील.

दुपारचा वेळ प्रेआ खानसाठी. जयवर्मनाने हे ११९१ मध्ये वडिलांच्या नावे केले. मध्यभाग बौद्ध, पश्चिमेकडचा विष्णूचा आणि उत्तरेकडचा शिवाचा. भिंतींवरील ओळीने असलेले कोनाडे पाहावेत. भोवतीची वेलबुट्टी शाबूत आहे आणि मधली बुद्धाची आकृती मात्र छिन्नीने खरवडून काढलेली आहे. कोठे तिला दाढी कोरून ऋषी केले आहे. जयवर्मनानंतर शिवभक्तांचा जोर झाला तेव्हाच्या या खुणा आहेत. एका आवारात तिन्ही देव नांदवणारा राजा आणि त्याच्या मागून आलेली छिन्नी, दोन्ही येथे एका भिंतीवर दिसतात, आणि दोन्ही न टाळता पाहावीत.

चालकाला पश्चिमेच्या दाराशी सोडायला आणि पूर्वेच्या दाराशी थांबायला सांगावे, म्हणजे आलेल्या वाटेने परतावे लागत नाही. पाचच्या आत बाहेर पडलात तर जवळच लाकडी पुलावरून नेआक पेआनच्या बेटावर जाता येते. एकमेकांत गुंतलेल्या दोन नागांनी वेढलेले लहान देऊळ तळ्याच्या मधोमध आहे आणि त्याच्याकडे पोहत निघालेला दगडी घोडा म्हणजे जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांना वाचवणारा लोकेश्वर. माणसे त्याच्या अंगाला आणि शेपटीला धरून लोंबकळत आहेत. पावसाळ्यानंतर पाणी चढलेले असते, उन्हाळ्यात ते ओसरते आणि तेव्हा शेवटच्या माणसाचे पायही दिसतात.